जुनी व्हीटेक देऊन नवी टर्बो घ्यायचीय? बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्यांसाठी पायरीपायरीनं

हे कुणासाठी आहे ते आधी सांगतो. ज्यांच्या दारात होंडा सिटीची पहिली व्हीटेक, फियाटची पालिओ १.६ जीटीएक्स, स्कोडाची पहिली ऑक्टाव्हिया आरएस नाहीतर आपल्या शेजारी गोव्यात बनलेली ती दोन सीटची सान स्टॉर्म, असली एखादी जुनी पळणारी गाडी आहे आणि ती देऊन नवीन टर्बो घ्यायचं डोक्यात घोळतंय, त्यांच्यासाठी. माझी व्हीटेक होती, आता फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी आहे, त्यामुळं उदाहरणं याच दोन गाड्यांची येतील, पण कागदाचं काम सगळ्यांना तेच.

बहुतेक लोक उलटीकडून सुरू करतात. आधी शोरूमला जातात, टेस्ट ड्राइव्ह घेतात, रंग ठरवतात, टोकन देऊन येतात आणि मग जुन्या गाडीचं आरसी कपाटातून शोधायला लागतात. तोवर डिलिव्हरीची तारीख डोक्यावर आलेली असते आणि जो भाव मिळेल त्याला गाडी जाते. म्हणून माझं एकच म्हणणं, आधी जुनीचे कागद सरळ करा, मग जुनी विका, मग नवी. खालचा क्रम त्याच हिशोबानं लावलाय.

१. खरंच विकायचीय का, हे आधी घरात बसून ठरवा

पहिली व्हीटेक म्हणजे १.५ लिटर, १०६ पीएस (पीएस म्हणजे इंजिनची ताकद), आणि ते सगळे पीएस ६८०० आरपीएमला (आरपीएम म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे). म्हणजे गाडी ओरडवली तरच पळायची, त्यातच मजा होती. व्हर्टस जीटीचं १.५ टीएसआय टर्बो इंजिन १५० पीएस देतं आणि २५० एनएम टॉर्क (म्हणजे ओढ) १६०० आरपीएमपासूनच हातात येतो. जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं चढताना व्हीटेकमध्ये दोन गिअर खाली टाकून काटा वर नेऊन जे ओव्हरटेक व्हायचं ते नवीनमध्ये नुसता पाय थोडा दाबला की होतं. नवीन गाडी जास्त पळते यात वादच नाही. पण ज्याला ते गिअर टाकणं, इंजिनचा तो बदललेला आवाज, हायड्रॉलिक स्टिअरिंगचा वजनदारपणा आवडतो त्यानं महिनाभर विचार करावा, कारण एकदा विकली की तशीच धड गाडी परत मिळणं अवघड आहे. २००३ ला ती बॉडी बंद झाली आणि मग पुढची सिटी, जिला डॉल्फिन म्हणतात, आली ती ७७ पीएसची, त्यावर शौकिनांनी किती शिव्या घातल्या ते जुन्या लोकांना आठवत असेल.

ठेवायची झाली तर खर्च काय ते पण बघा. त्या इंजिनला टायमिंग बेल्ट आहे, लाख किलोमीटरच्या आसपास बदलायचा, डिस्ट्रिब्यूटर (प्लगना करंट वाटणारा भाग) गेला की चांगला मिळेपर्यंत वाट बघायची, आणि रबरी फ्युएल पाइप आत्ताच्या ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलसाठी केलेले नाहीत, ते बघून घ्यावे लागतात. शिवाय पार्किंग. टिळकवाडीत नाहीतर शहापुरात दोन गाड्या दारात लावायला कुणाकडं जागा आहे सांगा.

आणि एक, कुणीतरी सांगतो की "ठेव मर्दा, व्हिंटेज होईल, टॅक्स माफ होईल." तसं काही नाही. २०२१ च्या नियमात व्हिंटेजसाठी गाडी ५० वर्षांच्या वरची लागते आणि मूळ रूपात लागते. २००२ ची गाडी त्यात यायला २०५२ उजाडेल.

२. जुन्या गाडीचे कागद, इथंच सगळं अडतं

आरसी काढा आणि चार गोष्टी बघा.

पहिली, मुदत. खाजगी कारचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, पुढं दर ५ वर्षांनी रिन्यू. २००२ ची गाडी २०१७ ला, मग २०२२ ला रिन्यू झालेली पाहिजे, पुढची पाळी २०२७. मुदत संपलेली असेल तर आधी फॉर्म २५ भरून रिन्यू करा, गाडी इन्स्पेक्शनला न्यावी लागते. २० वर्षांच्या वरच्या कारची रिन्यूअल फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालीय, उशीर झाला असेल तर महिन्याला ५०० रुपये वेगळे, ग्रीन टॅक्स वेगळा. विकायच्या आधी हा खर्च कोण करणार हे गिऱ्हाईकाशी आधीच बोलून घ्या, नाहीतर सौदा ठरल्यावर तो तेवढे पैसे कापतोच.

दुसरी, हायपोथिकेशन, म्हणजे आरसीवर लोनवाल्या बँकेची नोंद. वडिलांनी २००२ ला लोन काढलेलं, २००७ ला फेडलेलं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. आपल्या भागात हे फार आहे, कारण त्या वेळी लोन सिंडिकेट बँकेचं नाहीतर विजया बँकेचं नाहीतर कॉर्पोरेशन बँकेचं असायचं आणि आता या तिन्ही बँकांच्या पाट्याच उतरल्या. सिंडिकेट २०२० ला कॅनरात गेली, विजया २०१९ ला बँक ऑफ बडोदात, कॉर्पोरेशन २०२० ला युनियन बँकेत. म्हणजे एनओसी मागायला त्या नवीन बँकेच्या शाखेत जायचं, जुना लोन अकाउंट नंबर नाहीतर क्लोजरचं पत्र शोधून न्यायचं, आणि त्यांच्याकडून एनओसी आणि फॉर्म ३५ वर (लोन फिटल्याचा फॉर्म) सही-शिक्का घ्यायचा. जुनं रेकॉर्ड शोधायला बँकेला वेळ लागतो, त्यामुळं हे काम सगळ्यात आधी सुरू करा.

तिसरी, नाव. गाडी वारलेल्या वडिलांच्या, आजोबांच्या नावावर असेल तर ती तशी विकता येत नाही. फॉर्म ३१ नं आधी वारसाच्या नावावर करायची, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, आईची आणि भावा-बहिणींची संमती लागते. पुण्यात असलेल्या बहिणीची सही आणायला दिवाळीची वाट बघत बसणारे मी बघितलेत, म्हणून सांगतोय.

चौथी, जी शौकिनांना नडते, म्हणजे गाडीवर केलेले उद्योग. इंजिन बदललंय? मग आरसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर जुळणार नाही आणि इन्स्पेक्टरनं पेन्सिलीनं प्रिंट काढला की तिथंच काम थांबलं. सिल्व्हरची पिवळी केलीय आणि आरसीवर अजून सिल्व्हर? तेच. मोठा सायलेन्सर, काळ्या काचा हे तर इन्स्पेक्शनच्या आधी काढूनच जा. मूळ सायलेन्सर, मूळ चाकं, मूळ स्टिअरिंग माळ्यावर ठेवलेलं असेल तर खाली काढा, ते गाडीबरोबर दिलं तर भाव पण वाढतो.

याशिवाय वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून माहिती येते का बघा. जुनं पुस्तकाचं आरसी असेल तर कधी कधी एंट्रीच ऑनलाइन चढलेली नसते, त्याला आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. एचएसआरपी (नवीन सुरक्षा नंबरप्लेट) पाटी लावलेली नसेल तर ती लावून घ्या, तिच्यावाचून ट्रान्स्फरचं काम पुढं सरकत नाही. ई-चलान पण बघा, बेंगळुरूला गेलेला असाल तर सिग्नलचं एखादं निघतंच निघतं.

बेळगाव शहर आणि खानापूरकरांना आरटीओ सर्कलचं ऑफिस, केए-२२. चिकोडी-निपाणीवाल्यांना चिकोडी केए-२३, बैलहोंगल केए-२४, गोकाक केए-४९. ज्या आरटीओत नोंद तिथंच काम, जवळचं म्हणून दुसरीकडं जाऊन उपयोग नाही. पाट्या, नोटिसा कन्नडमध्ये असतात, वाचता येत नसतील तर वाचणारा कुणीतरी बरोबर न्या, भांडत बसायला ती जागा नव्हे, आपलं काम करून घ्यायचं आणि घरी यायचं.

कागदांची पिशवी तयार करताना हे घाला:
- मूळ आरसी, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी
- फॉर्म २९ (विकल्याचं कळवायचा) दोन प्रती, फॉर्म ३० (नाव ट्रान्स्फरचा अर्ज)
- लोन होतं तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी
- गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ तीन प्रती
- तुमचं आणि घेणाऱ्याचं आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो
- चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट (दोन-तीन जास्तीचे काढून ठेवा, कुठं ना कुठं लागतात)
- दोन्ही चाव्या, सर्व्हिसची बिलं, असेल तर मूळ इन्व्हॉइस

३. किंमत: शोरूमचा एक्स्चेंज म्हणजे भंगाराचा भाव

शोरूमच्या व्हॅल्युएशनवाल्याला तुमची व्हीटेक म्हणजे वीस वर्षांची सेडान, एवढंच दिसतं. त्याचं पण चूक नाही, त्याला ती पुढं टाकायचीय. तो वर्ष, किलोमीटर, डेंट बघून आकडा सांगतो आणि तो ऐकून माणूस दोन दिवस जेवत नाही. शौकीन गिऱ्हाईक वेगळं बघतं: बॉडी मूळ आहे का, गंज कुठं आहे, गिअर तिसऱ्यात टाकताना करकरतो का, डॅशबोर्ड फुटलाय का, सर्व्हिसची बिलं आहेत का. असं गिऱ्हाईक बेळगावात मिळालं तर चांगलंच, पण बहुतेक वेळा ते कोल्हापूर, पुणे, गोवा, बेंगळुरूकडं असतं.

गाडी दाखवायच्या आधी पॉलिश मारून चकाचक करू नका, उलट संशय येतो. खालून धुवून घ्या, मेस्त्रीकडून कॉम्प्रेशन चेक करून त्याचा कागद घ्या, गंज जिथं आहे तिथले फोटो स्वतःहून पाठवा. पुण्याहून एवढी गाडी चालवत आलेल्या माणसाला इथं आल्यावर खालचा गंज दिसला तर तो परत जातो किंवा निम्मा भाव मागतो, तेवढं चढून बसायची संधीच देऊ नका.

आता एक गोष्ट जी सेल्समन सहसा आपणहून सांगत नाही. काही कंपन्यांत एक्स्चेंज बोनस मिळायला जुनी गाडी त्याच शोरूमला दिली पाहिजे असं नसतं. बाहेर विकली आणि आरसी दुसऱ्याच्या नावावर झाल्याची कॉपी ठरलेल्या मुदतीत दाखवली तरी बोनस मिळतो. गाडी तुमच्या नाहीतर घरातल्या माणसाच्या नावावर असायला लागते. बुकिंगच्या वेळीच हे विचारा आणि कोटेशनवर लिहून घ्या, तोंडी नको. भंगारात द्यायच्या लायकीचीच गाडी असेल तर मान्यताप्राप्त स्क्रॅप सेंटरचं सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट घेतलं की नवीन गाडीच्या टॅक्समध्ये सूट मिळायची सोय आहे, पण चालती व्हीटेक भंगारात घालणाऱ्याला माझ्याकडून नमस्कार.

जुन्या गाड्यांच्या डीलरला देणार असाल तर तो आरटीओकडं नोंदलेला आहे का विचारा. एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत डीलरला गाडी देताना फॉर्म २९सी नं ऑनलाइन कळवता येतं आणि मग गाडी विकेपर्यंत जबाबदारी त्याच्यावर जाते. नोंदणी नसलेल्या डीलरच्या अंगणात तुमच्या नावाची गाडी सहा महिने उभी राहणार आणि मधल्या काळात ती कोण कुठं फिरवतंय तुम्हाला पत्ता नसणार.

४. गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असेल तर

आपल्याकडं हे होणारच. शिनोळी आली की महाराष्ट्र, कागल ओलांडलं की कोल्हापूर. गाडी पाच मिनिटात पलीकडं जाते, कागदाला मात्र महिने लागतात.

क्रम असा. तुम्ही फॉर्म २८ नं आपल्या आरटीओकडं एनओसी मागायची, त्यात कुठल्या आरटीओत जाणार ते लिहायचं, उदाहरणार्थ कोल्हापूर एमएच-०९ किंवा सांगली एमएच-१०. चलान, टॅक्स, हायपोथिकेशन, पोलीस रेकॉर्ड सगळं साफ असेल तर एनओसी निघते. मग घेणारा तिकडं आपल्या नावावर करून नवीन नंबर घेतो, फॉर्म २७ भरतो, तिकडचा टॅक्स भरतो. त्यानं टॅक्सचा हिशोब आधीच तिकडच्या आरटीओतून काढून आणावा, नाहीतर गाडी नेल्यावर फोन येतो, "अहो हे तर एवढे म्हणायलेत, थोडं कमी करा की."

तुमची पाळी एनओसी हातात दिल्यावर संपत नाही. नवीन नंबर पडल्याची आरसीची कॉपी येईपर्यंत मागं लागायचं. थोडी रक्कम त्याच्यासाठी मागं ठेवायची पद्धत आहे, घेणारा तयार असेल तर चांगली आहे.

दिल्लीकडचं गिऱ्हाईक आलं तर विचार करून. तिकडं एनसीआरमध्ये (दिल्ली आणि आसपासचा भाग) १५ वर्षांच्या वरच्या पेट्रोल गाड्यांचा वेगळाच घोळ आहे.

५. पैसे आणि चावी

इथं लांबड लावत नाही. पैसे खात्यात जमा झालेले स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये बघितल्याशिवाय चावी द्यायची नाही. समोरच्याच्या मोबाईलवरचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. रोख दोन लाख किंवा त्याच्या वर घेऊ नका, इन्कम टॅक्सच्या कायद्यात घेणाऱ्यालाच तेवढाच दंड बसतो, आणि इथं पैसे घेणारे तुम्ही.

ई-स्टॅम्प पेपरवर विक्रीचा करार करा आणि त्यात तारखेबरोबर वेळ पण लिहा, म्हणजे "सायंकाळी ५.४० वाजता गाडी ताब्यात दिली" असं. त्या रात्री हायवेला काही झालं तर हीच ओळ कामाला येते.

पण करार म्हणजे ट्रान्स्फर नव्हे. "टीटीओ (नाव ट्रान्स्फरच्या) फॉर्मवर सही करून द्या, बाकी आम्ही बघतो" असं म्हणणारे फार. कोऱ्या फॉर्मवर सही करून देऊ नका. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, मधे चार हात बदलले असले तरी अपघाताची भरपाई त्याच्यावर येऊ शकते. त्या खटल्यातली गाडी एकाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं गेलेली होती आणि शेवटी जबाबदारी आली ती रेकॉर्डवरच्या पहिल्या माणसावर. कायद्यानं विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसात आणि दुसऱ्या राज्यात गाडी जाणार असेल तर ४५ दिवसात आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याला ३० दिवस. फॉर्म २९ तुम्हीच नेऊन द्या, पोच घ्या, ती पोच जपून ठेवा.

चावी देताना काचेवरचा फास्टॅग काढा आणि बँकेला सांगून बंद करा. नाहीतर गाडी तो पळवणार आणि हत्तरगी, कोगनोळीचा टोल तुमच्या खात्यातून जाणार.

६. नवीन गाडी बघताना आपल्या रस्त्यावर बघा

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे सर्व्हिस रोडवरून एक चक्कर. तेवढ्यावर टर्बो गाडी कळत नाही. मागं लागून अर्धा-पाऊण तास गाडी मागा आणि काकती सोडून वंटमुरी घाटाकडं न्या, नाहीतर जांबोटी रोडला. बघायचं काय?

एक, खड्डा आणि स्पीड ब्रेकर. घरची माणसं मागं बसवून गावातल्या त्या उंच ब्रेकरवरून न्या. व्हर्टसचा ग्राउंड क्लिअरन्स रिकामी असताना १७९ मिमी आहे, जुन्या व्हीटेकपेक्षा फार बरा, तिचं पोट तर प्रत्येक ब्रेकरला घासायचं. पण तुमच्या घराच्या गेटचा उतार कसा आहे ते कंपनीला माहीत नसतं. गाडी एकदा घरी आणून गेटमधून आत-बाहेर करून बघायला लाजू नका.

दोन, गिअरबॉक्स. डीएसजी (फोक्सवॅगनचा ऑटोमॅटिक) मोकळ्या रस्त्याला फार भारी, पण ते ड्राय क्लच आहे. खडेबाजारात संध्याकाळी, नाहीतर गणपतीच्या दिवसात इंच इंच सरकत राहिलात की ते तापतं. रोजचं चालवणं शहराच्या मधोमध असेल आणि महिन्यातून एकदाच हायवे, तर मॅन्युअलचा विचार करा, १.५ टीएसआयला सहा गिअरचं मॅन्युअलही येतं. व्हीटेकवरून येणाऱ्याला तसाही डावा पाय मोकळा राहिला की चुकल्यासारखं होतं.

तीन, सर्व्हिस. बेळगावात आहे, की हुबळी, की कोल्हापूर, की थेट गोवा? सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस २४५ बघून वेडे होणारे आहेत, २४५ पीएस, २०२० ला भारतात २०० च गाड्या आल्या, सगळं मान्य. पण बाहेरून आयात केलेल्या गाडीचा बंपर तुटला तर किती दिवस आणि किती पैसे, हे पहिल्यांदा विचारायचं.

बजेट कमी असेल तर ह्युंदाईची आय२० एन लाइन आहे, १.० टर्बो, १२० पीएस. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीच्या आतल्या पेट्रोल गाडीला जीएसटी १८ टक्के झाला, बाकीच्या पेट्रोल गाड्यांना ४० टक्के, म्हणजे एन लाइन १८ मध्ये बसते आणि व्हर्टस ४० मध्ये. पोलो जीटी सेकंडहँड घेणार असाल तर हे डोक्यात ठेवूनच भाव करा, विकणारा अजून जुन्या किमतीच्या हिशोबात असतो.

७. पासिंग केए की एमएच? (हे नीट वाचा)

सीमाभागातला जुना उद्योग. मामाचं घर चंदगडला, बहीण कोल्हापूरला, मग तिकडच्या पत्त्यावर गाडी घ्यायची आणि फिरवायची बेळगावात. का, तर टॅक्स. कर्नाटकात लाइफटाइम टॅक्स १० ते २० लाखाच्या गाडीला १७ टक्के, २० लाखाच्या वर १८ टक्के, वर सेस. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० ते २० लाखाला १२ टक्के. १८ लाखाच्या गाडीचा ढोबळ हिशोब केला तर इकडं ३ लाख ६ हजार आणि तिकडं २ लाख १६ हजार, म्हणजे ९० हजाराचा फरक, सेस धरला तर आणखी. मोह होतोच.

पण मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ सांगतं की दुसऱ्या राज्याची गाडी एका राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यायला लागतो. म्हणजे घर बेळगावात, नोकरी उद्यमबागला, पोरांची शाळा कॅम्पात आणि गाडी एमएच-०९, हे कागदावर टिकत नाही. अडवलं की इकडचा टॅक्स भरा, दंड भरा, आणि तिकडं भरलेल्याचा परतावा मागायला त्या आरटीओच्या पायऱ्या झिजवा. शिवाय इन्शुरन्सवर पत्ता एक, राहता दुसरीकडं, क्लेमच्या वेळी सर्व्हेअरला प्रश्न विचारायला आणखी एक कारण. चटणीभाकर वाचवायला जाऊन ताट सांडायचं काम आहे. जो खरोखर पलीकडं राहतो, शिनोळीला कारखाना आहे, आधार-लाइट बिल तिकडचं आहे, त्यानं खुशाल एमएच घ्यावं. बाकीच्यांनी केए-२२ लावावी आणि शांत झोपावं.

बीएच सिरीज (राज्य बदललं तरी चालणारा नंबर) लष्करातल्या आणि सरकारी नोकरीतल्या लोकांना मिळते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमुळं आपल्याकडं घरटी एक फौजी असतोच, तुमच्या घरात असेल आणि बदलीची नोकरी असेल तर गाडी त्याच्या नावावर बीएचमध्ये घ्यायचा विचार करा, टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरता येतो.

आणि १० लाखाच्या वरच्या गाडीला शोरूम १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतलेला इन्कम टॅक्स) घेतं, तो बुडत नाही. रिटर्न भरताना परत मागता येतो, त्यासाठी बिलावर पॅन बरोबर घातलंय ना ते बघा. सीएला सांगायला विसरतात लोक.

८. इन्शुरन्स

जुन्या गाडीवर फुल इन्शुरन्स असेल आणि क्लेम केलेला नसेल तर नो क्लेम बोनस (एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट) तुमचा आहे, गाडीचा नव्हे. पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत. विकल्यावर जुन्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या, ते नवीन गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर लागतं आणि तीन वर्षं चालतं. नवीन टर्बोच्या प्रीमियममध्ये ही रक्कम चांगलीच मोठी असते. मात्र जुन्या गाडीवर नुसता थर्ड पार्टी भरत होता तर एनसीबी शून्य. विकायचं वर्षभर आधी ठरलं असेल तर याचा विचार आधीच करता येतो.

शोरूमचं कोटेशन घ्या आणि बाहेरचं पण घ्या, फरक सांगून कमी करतात. झिरो डेप (पार्टच्या घसाऱ्याची कपात न होणारं कव्हर) घ्या, आणि इंजिन प्रोटेक्ट (इंजिनात पाणी शिरल्याचं कव्हर) पण घ्या, आपल्याकडं जून-जुलैत रस्त्यावर पाणी किती साठतं ते वेगळं सांगायला नको.

९. डिलिव्हरीच्या आधी गाडी स्वतः तपासा

बिल आणि पासिंग व्हायच्या आधी गाडी बघायला मिळाली पाहिजे, हे बुकिंगलाच सांगा. नंबर पडल्यावर तक्रार करून उपयोग नाही. दुपारच्या उन्हात जा, गोडाऊनच्या ट्यूबलाइटखाली रंगातला फरक दिसत नाही. चेसिस नंबर बिलाशी जुळवा, उत्पादनाचा महिना बघा, टायरवरचा आठवडा-वर्षाचा चार आकडी नंबर चारी चाकांना जवळपास सारखा आहे का बघा, बॅटरीची तारीख बघा, किलोमीटर बघा. दारांच्या फटी सारख्या आहेत का, काचांवरचे शिक्के एकाच कंपनीचे आहेत का. एसी, सगळे बटण, स्टेपनी, जॅक. काही वावगं दिसलं तर दुसरी गाडी मागा, लाज कसली, पैसे आपले आहेत.

"हँडलिंग चार्जेस" नावाची ओळ बिलात दिसली तर कशाचे म्हणून विचारा आणि काढायला लावा.

१०. नवीन गाडी, पहिले महिने

पहिले हजार-दीड हजार किलोमीटर इंजिन ताणू नका आणि एकाच स्पीडला तासभर पण चालवू नका. टर्बो गाडी घाट चढून जोरात चालवून आणली की थांबल्या थांबल्या चावी फिरवू नका, शेवटचे दोन किलोमीटर सावकाश या.

व्हीटेकवाल्यांना सगळ्यात जास्त सवय बदलावी लागते ती आवाजाची. तिच्यात १०० ला गेलात की कानाला कळायचं, इथं १३० ला पण गाडीत गप्पा चालतात आणि काट्याकडं बघितलं की दचकायला होतं. चौपदरी हायवेला कारची मर्यादा १०० आहे. आणि नोव्हेंबर ते मार्च संकेश्वर, निपाणी, चिकोडी भागात रात्री उसाचे ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टरवर ऊस लोंबतोय. ते समोर आलेलं हेडलाइटमध्ये दिसतं तेव्हा ब्रेकला अंतर उरलेलं नसतं. हंगामात रात्रीचा प्रवास ८० च्या वर नको, गाडी कितीही पळू दे.

चोर्ला घाटातून गोव्याला पावसाळ्यात जाणार असाल तर जायच्या आदल्या दिवशी रस्ता चालू आहे का विचारून घ्या, दरड पडली नाहीतर रस्ता खचला की अवजड गाड्यांबरोबर आपण पण अडकतो. तसं असेल तर अनमोडकडून किंवा आंबोलीकडून.

जुन्या गाडीचं नाव बदलल्याची कॉपी अजून आली नसेल तर महिन्यातून एकदा पोर्टलवर तिचा नंबर टाकून मालकाच्या नावाची पहिली अक्षरं बघत जा. बदललेली दिसली की त्याचा स्क्रीनशॉट, फॉर्म २९ ची पोच आणि करार एका फायलीत लावून ठेवा, आणि मगच जुन्या कंपनीकडं एनसीबीच्या पत्राचा अर्ज टाका, ते आरसी ट्रान्स्फरचा पुरावा मागतातच.